परमुलखातील पेढी

परक्या आणि नुकत्याच उदयाला येऊ लागलेल्या बाजारपेठेत व्यापार मांडणे म्हणजे काय, हे जाणून घ्यावयाचे असेल तर दारव्ह्याच्या माणसाने फार दूर जाण्याचे कारण नाही. कारण आपला हा तालुका, किंबहुना सारा वऱ्हाड, शे-दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या दृष्टीने नेमका असाच एक बाजार होता. ज्याचे रस्ते पावसाळ्यात बंद पडतात, ज्याची वजने गावोगाव निराळी आहेत, ज्याच्यावर अंमल कोणाचा आणि मालकी कोणाची हेही सरळपणे सांगता येत नाही, आणि असे असूनही ज्याच्या काळ्या जमिनीत जगाच्या गिरण्यांना हवे असलेले पीक उभे राहते, अशा या मुलखाकडे लिव्हरपूल, विंटरथूर आणि ओसाका येथील व्यापारी मोठ्या आशेने आणि तितक्याच धास्तीने पाहत होते. त्यांनी येथे पैसा कोठे घातला, हात कोठे आखडता घेतला, कोणावर विसंबले आणि कशापुढे हतबल झाले, याचा वृत्तान्त आज परदेशात पेढी उघडू पाहणाऱ्या मराठी तरुणाला व्यापारशास्त्राच्या पुष्कळशा ग्रंथांहून अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते. आणि ज्याच्या अंगणात परके येऊन बसले त्याच्या बाजूने हा वृत्तान्त वाचण्याची जी सोय आपल्याला आहे ती फार थोड्यांना लाभते.

पहिला प्रश्न राजसत्तेचा होता. 1853 च्या तहाने हैदराबादच्या निजामाने, कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी, वऱ्हाडचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, परंतु त्याचे स्वामित्व निजामाकडेच राहिले. आणि 1902 साली लॉर्ड कर्झनने सालीना 25 लक्ष रुपयांच्या ठरावाने तो कायमच्या इजाऱ्याने घेतला तरी हे नाममात्र स्वामित्व सुटले नाही. महसूल वसूल करणारे अंमलदार इंग्रज, हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटाचे आणि कागदोपत्री धनी निजाम, अशी ही गुंतागुंत असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. प्रत्येक कायदा रेसिडेन्सीच्या हुकुमाने वेगळा लावावा लागे. हा तपशील कोरड्या इतिहासाचा वाटेल, पण हजारो मैलांवरून पैसा पाठवणाऱ्या माणसाला याहून महत्त्वाची दुसरी बाब नव्हती. आपण केलेला करार कोणत्या न्यायालयात टिकेल, तारण ठेवलेली मिळकत कोणाच्या हुकुमाने जप्त होईल, आणि उद्या सत्ता पालटली तर आजचा दस्तऐवज ग्राह्य धरला जाईल काय, हे तीन प्रश्न मालाच्या भावापूर्वी सोडवावे लागतात. आफ्रिकेतील किंवा मध्य आशियातील एखाद्या देशात आज कारखाना काढू पाहणाऱ्या आपल्या उद्योजकापुढेही हेच प्रश्न याच क्रमाने येतात, आणि पुष्कळदा ते शेवटी विचारले जातात.

वऱ्हाडकडे जगाचे लक्ष वळले ते अमेरिकेतील यादवीमुळे. 1861 साली उत्तर व दक्षिण संस्थानांत युद्ध पेटले, दक्षिणेची बंदरे रोखली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा आटला. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांना हिंदुस्थानची आठवण झाली, आणि मुंबईत कापसाचे भाव असे चढले की त्या पैशाच्या पुरात बँका, कंपन्या आणि समुद्र हटवण्याच्या योजना यांचे पीक आले. 1865 मध्ये युद्ध संपले; त्याबरोबर भाव कोसळले, मुंबईच्या कित्येक पेढ्यांचे दिवाळे निघाले, आणि चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून पैसा उचललेला कास्तकार मात्र कर्जासह मागे राहिला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या साधनांमुळे वऱ्हाडचा कापूस कायमचा जगाच्या बाजाराशी जोडला गेला ती सारी या तेजीनंतर आली: 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचली, 1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, 1870 मध्ये समुद्रतळाच्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली, आणि त्याच वर्षी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या रेल्वे फाट्याचे उद्घाटन करण्यासाठी वऱ्हाडात आला. चढा भाव पाहून धावत आलेले बहुतेक व्यापारी तोपर्यंत बुडाले होते किंवा निघून गेले होते. मंदीच्या काळात, आगगाडी व तारायंत्र यांचा अर्थ ओळखून जे शांतपणे आले त्यांच्या पेढ्या पुढे कित्येक दशके चालल्या.

त्यांच्यापैकी व्होलकार्ट ब्रदर्स या स्विस पेढीचा विचार मी मुद्दाम थोडा विस्ताराने करतो. सालोमोन आणि योहान गेओर्ग या दोन भावांनी 1851 साली विंटरथूर व मुंबई येथे एकाच वेळी ही पेढी स्थापन केली. स्वित्झर्लंडला ना समुद्रकिनारा, ना वसाहत, ना आपल्या प्रजाजनांच्या पाठीशी उभे राहणारे आरमार; म्हणजे इंग्रज व्यापाऱ्याला जे राजकीय पाठबळ जन्मतःच मिळे ते या दोघा भावांना नव्हते, आणि म्हणून त्यांची परिस्थिती आजच्या मराठी उद्योजकाच्या परिस्थितीशी अधिक जुळते. एक भाऊ ग्राहकांच्या देशात आणि दुसरा मालाच्या देशात, ही रचना तारायंत्रापूर्वीच्या काळात अत्यंत शहाणपणाची होती. कारण पत्र जायला-यायला महिने लागत असताना निर्णय घेण्याचा पूर्ण अधिकार असलेला स्वतःचा माणूस बाजारात बसलेला असणे हाच एकमेव उपाय होता. आरंभी त्यांचा व्यवहार मुख्यतः अडतीचा, म्हणजे दुसऱ्याच्या जोखमीवर माल पाठवून दलाली घेण्याचा; तारायंत्र आल्यानंतर, जेव्हा युरोपातला भाव काही तासांत मुंबईत कळू लागला, तेव्हा ते स्वतःच्या खात्यावर खरेदी करू लागले आणि मुंबईच्या बंदरावर न थांबता खामगावसारख्या कापसाच्या ठिकाणी कचेऱ्या, जिन व प्रेस यांसह उतरले. कायोस बेटावरून आलेल्या ग्रीक रॅली ब्रदर्सचाही मार्ग थोड्याफार फरकाने हाच होता.

बंदर सोडून आत का यावे लागले, याचे उत्तर मालाच्या दर्जात आहे. वऱ्हाडी कापूस लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई, आणि त्याची कीर्ती फारशी चांगली नव्हती. धागा आखूड, त्यात पाला-पाचोळा, सरकीचे तुकडे, माती, आणि वजन वाढावे म्हणून शिंपडलेले पाणी. या लबाडीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला 1863 मध्ये खास कायदा करावा लागला होता. दोष एकट्या कास्तकाराचा नव्हता. शेतातून निघालेला कापूस खेडा-खरेदी करणाऱ्याच्या, अडत्याच्या, दलालाच्या आणि बंदरावरील व्यापाऱ्याच्या हातून जाताना प्रत्येक जण त्यात थोडी भर घाली, आणि शेवटी विलायतेत गाठ फुटे तेव्हा अपराधी कोण हे शोधण्याचे साधन नसे. यावर इलाज एकच होता: माल जेथे बंडीतून उतरतो तेथेच तो हातात घेऊन पाहावा, स्वतःच्या जिनात त्याची सरकी काढावी आणि स्वतःच्या प्रेसमध्ये 392 पौंडांची गाठ बांधून तिच्यावर आपली खूण उमटवावी. ज्या दोन गाठींची एक खंडी होते ती 784 पौंडांची मुंबईची खंडी आजही, किलोग्रॅमच्या राज्यात, 356 किलो या रूपाने रुईच्या भावात जिवंत आहे. 1925 च्या कायद्याने पुढे सर्वच प्रेसांना गाठीवर आपली खूण व क्रमांक घालणे सक्तीचे केले; म्हणजे एका पेढीने आपल्या अब्रूसाठी पाळलेली शिस्त कालांतराने मुलखाचा कायदा झाली.

आता प्रत्यक्ष सौद्याकडे वळू. त्या काळी देशभरच्या कापूस व धान्य बाजारांत भाव ठरे तो रुमालाखाली. विकणाऱ्याचा अडत्या आणि घेणाऱ्याचा दलाल एकमेकांचे हात धरीत, वर उपरणे किंवा धोतराचा सोगा टाकीत, आणि बोटे दाबून आकडा सांगितला जाई; ज्याचा कापूस बंडीत भरलेला असे तो कास्तकार बाजूला उभा राहून दोघांच्या चेहऱ्यांकडे पाही. सौदा ठरल्यावर काट्यावर माल चढे, आणि मग कट्टी, तोलाई, हमाली, धरमादाय अशा नावांनी एकामागून एक वजावटी होत. परक्या खरेदीदारालाही ही पद्धत अडचणीचीच होती, कारण दलालाने त्याला सांगितलेला भाव आणि कास्तकाराच्या पदरात पडलेला भाव यांत किती अंतर आहे हे त्याला कधीच कळत नसे. येथे दोन अगदी भिन्न पक्षांचे हित एकत्र आले. दारव्ह्याच्या शेजारच्या कारंजा लाड येथे 1886 मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये, नियमबद्ध कापूस बाजार स्थापन झाला, आणि हिंदुस्थानातील आजच्या सर्व बाजार समित्यांची वंशावळ त्या एका बाजारापाशी जाऊन पोहोचते. 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल आणि मापाडी यांना परवाने घ्यावे लागले, बाजाराची जागा व शुल्क ठरले, आणि मुंबई इलाख्याने असाच कायदा करण्यास 1927 साल उजाडले.

या कायद्याचे गुणगान करताना त्याचे मूळ विसरू नये. मँचेस्टरला निर्भेळ माल ठरीव ठिकाणी व रास्त भावात हवा होता, हा त्यामागचा मुख्य हेतू. बाजार कमिट्यांवर वर्चस्व व्यापारी व नगरपालिका यांचे राहिले, आणि कास्तकाराच्या हिताचा विचार फार उशिरा झाला. तरीही मला असे ठामपणे वाटते की परक्या भांडवलाने वऱ्हाडात जे काही केले त्यात इमारती, यंत्रे आणि बंगले यांपेक्षा उघडा काटा, परवानाधारक मापाडी आणि तंटा सोडवणारी कमिटी यांची किंमत अधिक होती. कारण यंत्र ज्याने आणले त्याच्या मालकीचे असते, पण खरे वजन एकदा बाजारात रूढ झाले की ते सर्वांचे होते. नव्या बाजारात पाऊल टाकणाराने पहिला पैसा येथे खर्च करावा. ज्या देशात प्रयोगशाळेचा दाखला विश्वसनीय नाही, गोदामाची पावती कोणी मानत नाही आणि वजनकाटा तपासणारा अंमलदार फिरकत नाही, तेथे स्वस्त जमीन व स्वस्त मजूर यांच्या हिशेबाने काढलेला नफा पहिल्याच हंगामात वजावटींत जिरून जातो.

माणसांच्या बाबतीत या पेढ्यांची रीत अशी की गोरा अधिकारी थोडा, आणि भार सारा एतद्देशीय माणसांवर. मुंबईत त्यांच्यापाशी हमीदार दलाल असत. हे प्रतिष्ठित व्यापारी गिऱ्हाइकाच्या पतीची हमी स्वतः घेत आणि पैसे बुडाल्यास स्वतः भरून देत. मोबदल्यात त्यांना ठरीव टक्केवारी मिळे. ही व्यवस्था महाग होती, पण अज्ञानाची किंमत तिच्याहून महाग पडली असती. बाहेरून आलेल्या माणसाला कोणाचे घराणे बुडत आले आहे, कोणाची सोयरीक कोणाशी आहे आणि कोणाचा शब्द दिवाळीपर्यंतच टिकतो, हे कोणत्याही जमाखर्चाच्या वहीतून समजत नाही.

दारव्ह्याचे या कथेतले स्वतःचे स्थान लोहमार्गामुळे ठरले. 1857 पासून मुंबईत असलेल्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, आणि मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर व दुसऱ्या अंगाला कारंजा, दारव्हा, यवतमाळ असा अडीच फूट रुंदीचा, सुमारे 189 किलोमीटरांचा मार्ग तिच्या मालकीचा झाला. लोकांनी त्या गाडीला पुढे ‘शकुंतला’ हे नाव दिले. दारव्ह्याहून पुसदकडे गेलेला फाटा आज उरलेला नाही, पण एके काळी दारव्हा हे जंक्शन होते. या मार्गावरील जिन-प्रेसांतून निघालेल्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या लोहमार्गावर चढत आणि मुंबई बंदर गाठीत. व्यापारदृष्ट्या लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की कंपनीने मार्गाची मालकी स्वतःकडे ठेवली, मात्र गाड्या चालवण्याचे काम कराराने जीआयपी रेल्वेकडे दिले, आणि उत्पन्नाचा ठरीव वाटा घेतला. कापूस विकत घेणारी पेढी एका हंगामाचे नुकसान सोसून दुसऱ्या मुलखात जाऊ शकते, पण रूळ उचलून नेता येत नाहीत. म्हणून ज्याचे भांडवल जमिनीत रुतणार आहे त्याने रोजच्या चालवण्याची जोखीम दुसऱ्यावर सोपवून दीर्घ मुदतीचा लेखी करार पदरात पाडून घेतला, आणि तो करार इतका पक्का होता की स्वातंत्र्यानंतर रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली. मात्र त्याच कराराची दुसरी बाजू दारव्ह्याने भोगली. मालक एक आणि चालवणारा दुसरा असल्यामुळे मार्ग सुधारण्यावर पैसा घालण्याची गरज दोघांपैकी कोणालाच वाटली नाही. 1921 साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत याच रुळांवर धावत राहिले, आणि अखेर गाडीच बंद पडली. परक्या गुंतवणुकीचे स्वागत करणाऱ्या सरकारने करार लिहिताना आजची सोय पाहावी, तशी पन्नास वर्षांनंतर दुरुस्ती कोणी करावयाची हेही त्यात नमूद करावे.

या सर्व उभारणीनंतर कापूस गेला कोठे? इंग्रज गिरण्यांना आखूड धाग्याची आवड कधीच नव्हती, आणि अमेरिकन कापूस पुन्हा मिळू लागताच त्या तिकडे वळल्या. वऱ्हाडचा माल युरोप खंडातील देशांनी आणि विशेषतः जपानने घेतला. जपानी गिरण्यांनी आखूड हिंदी कापूस व लांब अमेरिकन कापूस यांचे मिश्रण करून चांगले सूत काढण्याची कला साधली होती, त्यामुळे जो माल लँकेशायरला कमअस्सल वाटे तो ओसाकाला किफायतशीर ठरला. 1893 मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन यूसेन या जपानी आगबोट कंपनीच्या सहकार्याने मुंबई ते कोबे वाहतूक सुरू केली आणि पी. अँड ओ. कंपनीच्या चढ्या भाड्याला शह दिला. पुढे तोयो मेन्का, गोशो यांसारख्या जपानी कंपन्यांची माणसे मुंबईचे मध्यस्थ टाळून थेट कापसाच्या मुलखात खरेदीला उतरली. मला या घटनेत फार मोठा बोध दिसतो: मार्ग इंग्रजांनी बांधला, कायदा इंग्रजांनी केला, आणि त्याचा लाभ ज्याने आपली यंत्रे व आपली रीत या मुलखाच्या मालाला जुळवून घेतली त्याने घेतला.

परंतु जपानलाही राजकारणापुढे नमावे लागले. जपानी कापडावर हिंदुस्थान सरकारने जकात वाढवली तेव्हा 1933 मध्ये जपानी गिरण्यांनी हिंदी कापसाच्या खरेदीवर बहिष्कार घातला. मंदीने आधीच खचलेल्या कास्तकाराच्या भावावर त्याचा आघात झाला, आणि 1934 च्या करारात असे ठरले की जपानने वर्षाला 15 लक्ष गाठी घेतल्या तर त्याला 40 कोटी वार कापड येथे पाठवता येईल. दारव्ह्याच्या एखाद्या शेतकऱ्याचे कर्ज फिटणार की नाही हे सिमला आणि टोकियो येथील वाटाघाटींवर अवलंबून होते, आणि त्याला त्याची वार्ताही नव्हती. बाहेरचा व्यापारी बाजार सोडून जातो तेव्हा त्याचे नुकसान त्याच्या वहीत मांडले जाते; मागे राहणाऱ्याचे मांडण्यासाठी वही नसते, आणि म्हणून कोणत्याही देशात पेढी उघडताना, तेथील उत्पादकाला आपल्या एकट्याच्या मागणीवर पूर्णपणे विसंबवून ठेवणे हे मी जोखमीचे आणि अन्यायाचेही मानतो. स्वातंत्र्यानंतर व्होलकार्टचा येथील यंत्रसामग्रीचा व्यवसाय टाटांबरोबर एकत्र होऊन 1954 मध्ये व्होल्टास कंपनी झाली. आणि 1972 पासून महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणून खासगी खरेदीदारालाच कित्येक वर्षे बाजाराबाहेर ठेवले.

आता उलट दिशेचा प्रवास पाहू. वऱ्हाडात बालपण गेलेल्या धनंजय दातार यांच्या वडिलांनी 1984 मध्ये दुबईत एक लहान किराणा दुकान काढले आणि मुलाने त्यातून मोठा व्यवसाय उभारला, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्या काळची दुबई आजच्यासारखी नव्हती. शिवाय त्याच 1984 च्या संयुक्त अरब अमिरातीच्या कंपनी कायद्याने बहुतेक कंपन्यांत 51 टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाचा असणे आवश्यक केले होते, आणि ही अट बहुतांश व्यवसायांसाठी शिथिल झाली ती 2021 मध्ये. म्हणजे आखातात गेलेल्या आपल्या माणसांनी सुमारे चार दशके, कागदावर दुसऱ्याच्या मालकीच्या दुकानात स्वतःचे आयुष्य घातले. अशा ठिकाणी भागीदाराची निवड ही मुलीचे स्थळ पाहण्याइतकी जपून करावी लागते, आणि नफ्याची वाटणी, सहीचा अधिकार व विभक्त होण्याची रीत या तिन्ही गोष्टी मैत्री ताजी असतानाच लिहून ठेवाव्या लागतात.

दारव्ह्याकडच्या जिनमालकाला मात्र दुबईपेक्षा ढाका अधिक जवळचे. आपल्या रुईचा मोठा गिऱ्हाईक आज बांगलादेश आहे, आणि तेथे जे घडते त्याचा परिणाम येथल्या काट्यावर दिसतो. 2022 नंतर त्या देशात डॉलरची चणचण पडली तेव्हा तेथील बँकांना परदेशी देणी वेळेवर भागवणे कठीण झाले. गिरणी सचोटीची, माल पसंत, तरीही पैसा अडकलेला, अशी स्थिती आली. म्हणून अशा बाजारात गिऱ्हाइकाच्या पतीबरोबर त्याच्या देशाच्या परकीय चलनाच्या गंगाजळीचीही चौकशी करावी. बँकेचे पतपत्र शक्यतो तिसऱ्या देशातील भक्कम बँकेने पक्के केलेले घ्यावे. आणि 1957 पासून आपल्या सरकारने चालवलेल्या निर्यात पतहमी महामंडळाचा विमा उतरवावा, जो गिऱ्हाईक बुडाल्यास किंवा त्याच्या सरकारने पैसे बाहेर पाठवण्यास बंदी केल्यास नुकसानीचा बराचसा भाग भरून देतो. पूर्वी मुंबईचा हमीदार दलाल जे काम करी तेच हे महामंडळ करते.

तंट्याची तजवीजही आधीच करावी लागते. 1841 मध्ये लिव्हरपूलच्या दलालांनी स्थापन केलेली संस्था आज आंतरराष्ट्रीय कापूस संघ या नावाने चालते, आणि जगातील कापसाचे बहुसंख्य करार तिच्या नियमांखाली होतात. लवादाचा निवाडा न पाळणाऱ्या पेढ्यांची यादी ती जाहीर करते, आणि त्या यादीत नाव चढलेल्या पेढीशी व्यवहार करायला दुसरे व्यापारी कचरतात. परदेशी लवादाचे निवाडे अमलात आणण्याविषयीच्या 1958 च्या न्यूयॉर्क करारात भारत सामील आहे, त्यामुळे असा निवाडा आपल्या न्यायालयांतूनही वसूल करता येतो आणि आपल्याविरुद्धही वसूल होऊ शकतो. दर्जाविषयीची तक्रार किती दिवसांत करावयाची याच्या मुदती त्या नियमांत ठरलेल्या असतात, आणि त्या चुकल्या तर खरी तक्रारही फेटाळली जाते. पहिली खेप लहान ठेवावी. आणि परदेशच्या बंदरात गाठींचे वजन घेणारा व नमुना काढणारा तिऱ्हाईत तपासनीस कोण असावा, धाग्याची लांबी, ओलावा व मायक्रोनेअर यांची परीक्षा कोणत्या प्रयोगशाळेत व्हावी, ही कलमे सही करण्यापूर्वी करारात घालून घ्यावीत, कारण माल बंदरातून हलल्यानंतर ती मागितली तर कोणी देत नाही.